शिशाच्या माणसाचा कौल

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी वत्सला डिचोलीच्या बाजारात रिकामी खोकी मागायला गेली. कृष्णनाथाच्या किराणा दुकानात साबणाची पाच खोकी मिळाली. ती सुंभाने बांधता बांधता त्याने विचारलं, "बाई, घर सोडतात की कितें?"

"ना रे. माणसां धाडपाची आसात," ती म्हणाली. "तीनशें."

कृष्णनाथ हसला. तिलाही किंचित हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

माणसं शिशाची होती, बोटाच्या एका पेराएवढी. तिचा नवरा यशवंत खाणीवर सर्व्हेअर होता. खाण बंद पडली आणि घराच्या मागच्या खोलीत सहा फूट बाय चार फुटांचं प्लायवूडचं टेबल आलं. त्यावर सत्तरी तालुक्यातले डोंगर उभे राहिले. चिऱ्याचा भुगा माती झाला, काथ्याचं गवत झालं, वार्निश ओतून ओढा झाला. शेल्फवर पणजीच्या ग्रंथालयातून उतरवून आणलेले नकाशे होते, जुन्या छायाचित्रांच्या झेरॉक्स होत्या आणि कुठल्या पलटणीच्या कोटाला कुठला निळा, याची एक वही होती. टेबलावर एका बाजूला पोर्तुगीज फौज, दुसऱ्या बाजूला राणे सरदारांचे बंडखोर. फासे टाकायचे, फुटपट्टीने अंतर मोजायचं, पाळीपाळीने माणसं पुढे न्यायची. पन्नाशीतला माणूस दिवसभर त्यात रमलेला असायचा. वत्सला त्याला चिडवायची, "तुमची लढाई झाली असेल तर जेवायला या."

डिसेंबरमधल्या एका दुपारी तो त्याच टेबलाशी बसलेला असताना त्याने हाक मारली होती, "वत्सला, जरा इकडे ये." तव्यावर बांगडे होते. "आले हां," म्हणून तिने ते उलटले. दुसऱ्या बाजूने भाजून झाल्यावर ती हात पुसत गेली, तेव्हा तो खुर्चीत होता, मान एका बाजूला कललेली. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले. पण हाक मारली होती ती कशासाठी? तेवढंच तिला हवं होतं. बाकी काही नको.

अकराच्या सुमारास आनंदा आला. तो मूळ कोल्हापूरचा, तुयेच्या कारखान्यात फिटर. गेली सहा वर्षं दर रविवारी मोटारसायकल घेऊन यशवंताशी खेळायला यायचा. सगळं सामान त्यालाच द्यायचं ठरलं होतं. येताना त्याने पोदेराच्या बेकरीतले पाव आणले होते, नेहमीसारखेच सहा. वत्सलाने त्यातले यशवंताच्या वाटचे दोन बाजूला काढून ठेवले.

मागच्या खोलीत जाऊन तो टेबलापाशी नुसताच उभा राहिला.

"भरायला घ्या ना, भावजी."

"वैनी, डाव अर्धा हाय ह्यो," आनंदा म्हणाला. "अर्ध्या डावातनं माणसं उचलत न्हाईत. यशवंतरावांचाच नेम. आन् पाळी त्यांची हाय."

"मग?"

"तुमी खेळा त्यांच्या वतीनं. मी इचारतो, तुमी फकस्त व्हय-न्हाई सांगा."

"माका त्यातलें कितें कळटा?"

"मला तरी कुठं कळायचं? सा वर्सं झाली, म्या पाखला, म्हंजी गोरा पोर्तुगीज, होऊन मार खातोय. कोल्हापूरचा गडी, आन् पोर्तुगालच्या राजासाठी!"

ती हसली नाही. तिचं माहेर तेरेखोल नदीच्या पलीकडचं, वडील देवळाचे गुरव. अडलेला माणूस कौल लावतो, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. परसातल्या पिटकुळीच्या तांबड्या फुलाच्या दोन पाकळ्या तिने खुडून आणल्या, पाण्यात बुडवल्या आणि बंडखोरांच्या म्होरक्याच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. डोक्याला मुंडासं, हातात बंदूक, बाकीच्यांपेक्षा थोडा काळपट असा तो माणूस होता. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"मी गाऱ्हाणं घालते. तुम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणायचं."

"म्हंतो की."

तिने हात जोडले. वडील गाऱ्हाण्याच्या आरंभी नाव घ्यायचे, देवाचं, जागेचं, मागणाऱ्याचं. नावाशिवाय तोंड उघडायचं नाही, असं ते सांगत. पण नवऱ्याचं नाव तिने सत्तावीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं. ते आताही जिभेवर आलं नाही. ती म्हणाली, "बा म्हाराजा, हंय जो कोण आसा, तेणें आमकां उतर दिवचें..."

"व्हय म्हाराजा," आनंदा म्हणाला.

"ओढा उतरू?" त्याने विचारलं.

ओल्या पाकळीला सुटायला वेळ लागतो. देवळात कधी अर्धा अर्धा तास माणसं बसून राहायची. इथे आनंदाचं वाक्य संपलं आणि उजवी पाकळी टप्पकन पडली.

त्याने बंडखोर ओढ्यापार नेले. तिने पाकळी पुन्हा बुडवून लावली. डाव्या टेकडीवर चढू? नाही. आंब्याखाली दबा धरू? होय. बाहेर ऊन रणरणत होतं. वीज गेलेली, पंखा थांबलेला. खोलीत मात्र हळूहळू ओल्या मातीचा वास भरू लागला, विहीर खणताना येतो तसा, आणि त्याच्या आत दुसरा एक, जळक्या चिंधीचा. वत्सलाला वाटलं, शेजारी कोणी पाचोळा पेटवला असेल. ती खिडकीपाशी गेली. बाहेरच्या हवेला कसलाच वास नव्हता.

तासाभरात आनंदाची फौज मोडली. उरलेले आठ शिपाई त्याने पाठ फिरवून रस्त्याला लावले.

"संपलं," तो म्हणाला. "हितं यशवंतराव थांबायचे. पळत्याच्या पाठीत गोळी घालायची न्हाई म्हणायचे, खेळातबी न्हाई. तरी रीत म्हणून इचारतो. पाठलाग करू?"

उजवी पाकळी पडली.

आनंदाने तिच्याकडे पाहिलं. मग एकेक करून आठही शिपाई आडवे केले.

तिने पाकळी लावली. आता प्रश्न तिचा होता, आणि तो तिने हळू आवाजात विचारला. "तुम्ही... तुम्हीच ना?"

डावी पाकळी पडली.

आनंदाने म्होरक्याकडे बोट केलं. तो म्हणाला, "वैनी, ह्यो एकच गडी त्यांनी घरात ओतलेला. बाकीचे समदे पार्सलनं आल्यात. खाणीच्या वरच्या कापात खणताना जुन्या बंदुकीच्या गोळ्या घावल्या हुत्या त्यांना. तीन. त्या वितळवून..."

"नुसत्या गोळ्या गावल्या? मातीत?"

"मातीत न्हवं." त्याचा हात स्वतःच्या बरगड्यांवर गेला. "कशात घावल्या, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तुमाला सांगू नको म्हणाले."

ती त्या काळपट माणसाकडे बघत राहिली. रंगवलेला चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, यशवंताने एका केसाच्या ब्रशाने काढलेले.

"रजा द्या त्येला," आनंदा कुजबुजला. "आमच्याकडंबी आसंच आस्तंय. बोलावल्यालं परत धाडावं लागतंय. द्या आन् मोकळ्या व्हा."

तिलाही ते माहीत होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण ते शब्द बोलले की खोलीत उत्तर देणारं कोणीच उरणार नव्हतं. तिने उजवी पाकळी उचलली, डावी उचलली, दोन्ही बुडवल्या आणि पुन्हा लावल्या.

"वैनी, नगा..."

"ते तुमच्याजवळ आहेत?" तिने विचारलं.

उजवी पाकळी इतक्या जोरात पडली की काथ्याचं गवत हललं.

आनंदा उठून दारापर्यंत गेला. वत्सलाने पाकळी परत लावली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच तिने ते नाव उच्चारलं, पूर्ण, गाऱ्हाण्यात घ्यावं तसं, बापाच्या नावासकट, गावासकट. "यशवंत आत्माराम परब, राहणार डिचोली. त्यांना सोडाल?"

काहीच पडलं नाही.

त्या दोघांनी तीन वाजेपर्यंत वाट पाहिली. मग आनंदाने बाकीची माणसं कागदात गुंडाळून खोक्यांत भरली. डोंगर उचलले, ओढा उचलला. मोकळ्या टेबलाच्या मधोमध तो एकटा राहिला. त्याला आनंदाने हात लावला नाही, आणि तिनेही लावू दिला नसता. कौल लागलेला असताना मूर्ती हलवत नाहीत.

निघताना तो उंबऱ्यावर घुटमळला. "वैनी, पडली तर फोन करा. कंचीबी पडू दे."

"करते," ती म्हणाली.

मे महिना सरत आला आहे. परसातली पिटकुळी वाळून गेली, विहिरीचा तळ दिसू लागला. वत्सला सकाळी स्वयंपाक उरकून मागच्या खोलीत येते आणि त्या खुर्चीत बसते. दुसरं काही विचारता येत नाही. पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत विचारायचं नसतं. तवा ती आता चढवतच नाही; त्यावर काही असताना कोणी हाक मारली तर?

दोन्ही पाकळ्या अजून त्याच्या खांद्यांवर आहेत. तांबड्या, टवटवीत. त्यांच्याखालून पाणी निथळतं, त्याच्या पायांशी साचतं, आणि प्लायवूडवरचा ओला डाग रोज बोटभर वाढतो. परवा तो टेबलाच्या कडेला पोचला. आज खाली जमिनीवर थेंब पडू लागलेत.

तिने पाणी लावलं होतं ते त्या रविवारी, त्यानंतर नाही.