आतून उघडणारं दार

"माझे बाबा ज्या खोलीत गेले, तिचं दार आतून उघडतं," मुलगी म्हणाली. "कुलूप नाही, कडी नाही. तरी ते बाहेर आले नाहीत. का आले नाहीत, तेवढं शोधून द्या."

मावशीने चष्मा काढून पुसायला घेतला. शेजारी बसलेल्या भाच्याला हे लक्षण ठाऊक होतं. प्रकरण तिला लागलं होतं.

मावशी भाच्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठी. खासगी तपासाचं काम ती करायची, गाडी तो चालवायचा. निवृत्त झाल्यावर बायकोने त्याला "घरात पायात पायात येता" म्हणून मावशीकडे पिटाळलं होतं. डोकं सावकाश चालायचं, पण पाहिलेलं विसरायचं नाही, म्हणून मावशीने त्याला ठेवून घेतलं होतं.

मुलीने बाकीचं सांगितलं ते शांतपणे, कुणा तिऱ्हाइताबद्दल सांगावं तसं. वडील एका कारखान्यात फोरमन होते. पिठाच्या गिरण्या, रंगाचे कारखाने असल्या ठिकाणचे हवेचे मोठे फिल्टर तिथे धुळीने भरून येतात आणि साफ होऊन परत जातात. साफसफाई होते ती पत्र्याच्या एका बंद खोलीत. कामगार तिला पेटी म्हणतात. जेवणाच्या सुट्टीनंतर वडील त्या पेटीत सापडले. हृदय बंद पडलं होतं. उजव्या खांद्यावर मोठा काळानिळा डाग होता. पडताना लागलं असेल, असं पोलिसांनी म्हटलं आणि कागद मिटले.

"आई गेल्या वर्षी गेली," ती म्हणाली. "तेव्हापासून बाबा उदास होते, जीव गुदमरायला लागला तरी त्यांनी दार उघडलं नाही, असं सगळे धरून चाललेत. तोंडावर कुणी म्हणत नाही. पण घरात आम्ही दोघंच राहिलो होतो. ते खरं असेल, तर मी त्यांना पुरले नाही असा त्याचा अर्थ होतो."

मावशी म्हणाली, "उद्या तूही चल आमच्याबरोबर."

*

पेटी त्यांना दाखवली पैलवानाने. हा पेटीवरचा कामगार. नावाप्रमाणेच धिप्पाड, पण बोलणं खालच्या आवाजात.

पेटी म्हणजे चार माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढी पत्र्याची खोली. दाराला एक काच, तीही धुळीने आंधळी. मधोमध खुंटावर फिल्टर गोल फिरतो, त्याच्यावर दाबाच्या हवेचे फवारे बसतात, धूळ उडते. छतातून एक जाडजूड नळी ब्लोअरला गेलेली. तो ती धूळ ओढून बाहेरच्या टाकीत टाकतो. ओढलेल्या हवेच्या जागी नवी हवा मागच्या भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून येते.

"आत माणूस असताना ब्लोअर चालू ठेवता?" मावशीने विचारलं.

पैलवान म्हणाला, आम्ही नाही ठेवत. बंद केल्याशिवाय दाराला हातच लावायचा नाही असा नियम आहे, नाहीतर धूळ अंगावर येते. फोरमनसाहेब मात्र जेवणाच्या सुट्टीत तोंडाला मास्क बांधून आत शिरायचे आणि ब्लोअर चालू ठेवून खाली साचलेली धूळ झाडायचे. वहिनी गेल्यापासून त्यांना डब्यावर चारचौघांत बसवत नसे. हे त्याला आणि फोरमनच्या धाकट्या भावाला माहीत होतं. ते दोघं त्या वेळी पलीकडच्या खोलीत समोरासमोर जेवत होते.

"मग?"

"त्या दिवशी सुट्टी दोन तासांची होती. जेवून आलो. ब्लोअर चालूच होता. म्हटलं साहेब विसरले. बंद केला, तर पेटीत ढब्ब करून आवाज झाला. दार उघडलं. एका बोटाने उघडलं, बाई. साहेब दाराशीच पडले होते. मास्क ओढून काढलेला."

मुलगी खाली बघत होती. पोलिसांनी या आवाजाचाच अर्थ लावला होता: तोवर फोरमन उभे होते, त्या क्षणी कोसळले. म्हणजे तेवढा वेळ दाराशी उभे राहूनही त्यांनी दार ढकललं नव्हतं.

"उचललंत तेव्हा अंग कसं होतं?" मावशी म्हणाली.

पैलवानाने मुलीकडे एकदा पाहिलं. "गार," तो म्हणाला.

मावशीने ब्लोअर चालू करायला सांगितला आणि भाच्याला आत धाडलं. असली कामं त्याच्याच वाट्याला यायची. आत कानठळ्या बसत होत्या. दाराच्या आतल्या अंगाला आडवी दांडी होती. त्याने ढकलली, दार बाहेरच्या बाजूला उघडलं.

"काय वाटलं?"

"काही नाही. किंचित जड. फ्रिज लावून लगेच उघडायला गेलं की लागतो तेवढा जोर लागला."

मावशी सगळ्यांना घेऊन पेटीच्या मागच्या बोळात गेली. झरोक्यात एक चौकटीचा फिल्टर खाचेत सरकवलेला होता, बाहेरची धूळ आत जाऊ नये म्हणून. तो पांढराशुभ्र होता. त्याच्या कडेवर एक ठसठशीत बाण छापलेला होता आणि त्याचं टोक थेट भाच्याच्या पोटाकडे होतं.

"बाहेर जायची वाट दाखवतोय," भाचा म्हणाला. कुणी हसलं नाही.

पैलवान मात्र थबकला. हा बदलला कधी? त्या दिवशी सकाळपर्यंत तर इथे काळाकुट्ट फिल्टर होता. साहेबांनीच बदलला असेल, झरोक्याचा फिल्टर तेच बदलायचे.

*

फोरमनचा धाकटा भाऊ, म्हणजे मुलीचा काका, गोदामात बसायचा. साफ झालेले फिल्टर पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचे, त्यावर गरम हवा सोडायची, की प्लॅस्टिक ताणून अंगाला चिकटतं. प्लॅस्टिक आहे हे बोट लावल्याशिवाय कळू नये इतकं.

पुतणीला बघून तो उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. तिच्या नजरेला नजर देईना. मावशीने सहज म्हणून एक चौकटीचा फिल्टर हातात मागितला, तर त्याने देण्याआधी अंगठ्याच्या नखाने कोपऱ्यावरचं प्लॅस्टिक फाडून दिलं. सवयच ती.

"हा बाण कसला?"

"हवा कुठल्या दिशेने जायची, त्याचा. उलटा बसवला की फिल्टर लवकर तुंबतो. दादा पहिल्या दिवशी शिकवायचा ते हेच." मग थोड्या वेळाने, पुतणीकडे न पाहता: "तो मला बोलला असता तर बरं झालं असतं गं. इतका त्रास होत होता तर."

"तुम्हालाही तसंच वाटतं, काका?"

काकाने पुढचा फिल्टर गुंडाळायला घेतला.

त्या दिवसाबद्दल तो एवढंच सांगू शकला की पैलवानाने आरडाओरडा केला तसा तो धावत आला, आणि पाठोपाठ मालक पेटीच्या मागून आले. मालकांची खोली कुठे, असं मावशीने विचारलं. काकाने बोट केलं ते पुढच्या फाटकाकडे.

*

मालक अगत्याचे निघाले. मुलीला त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली. फोरमन म्हणजे आपला उजवा हात, असं ते दोनदा म्हणाले. भिंतीशी एक गुळगुळीत चकचकीत फिल्टर नमुना म्हणून उभा होता. भाच्याने हात लावला तेव्हा बोट सरकलं आणि त्याला कळलं की वर प्लॅस्टिक आहे.

"नमुना असाच दाखवतो मी," मालक म्हणाले. "वडिलांच्या मागे धंदा सांभाळतोय, पण यंत्राच्या वाटेला कधी गेलो नाही. ज्याचं काम त्याने करावं."

त्या दिवशी एक मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं, म्हणून सुट्टी वाढवली होती; ते आलं, सुट्टीतच खूश होऊन गेलं. आपण त्यांना सगळीकडे फिरवलं. पेटीजवळून गेलो तेव्हा ब्लोअर चालू होता, यापलीकडे काही लक्षात नाही. फोरमन उदास असायचे हे पोलिसांना आपणच सांगितलं, लपवण्यात काय अर्थ होता.

मावशीने चष्मा पुसला आणि सगळ्यांना पेटीपाशी बोलावलं.

*

"आत जा," ती भाच्याला म्हणाली. "मी हात वर केला की दांडी ढकलून बाहेर ये."

"मगाशी आलो होतो की."

"पुन्हा ये."

दार लागलं. ब्लोअर घोंघावला. काचेतून मावशीची नुसती सावली दिसत होती. ती निघून गेली. भाचा मुकाट्याने उभा राहिला. कानांना अचानक दडे बसले. मागची भिंत कण्हल्यासारखी वाजली आणि तिचा पत्रा आत वाकला. त्याच्या डोळ्यांदेखत वाकला.

काचेपाशी हात वर झाला. त्याने दांडी ढकलली. दांडी दबली, दार जागचं हललं नाही.

त्याने दोन्ही हात लावले. मग उजवा खांदा लावला. मग मागे सरून खांद्याने धडक दिली. दार नव्हतंच ते, भिंत होती. त्याला ठाऊक होतं की मावशी बाहेर आहे, तिचा काहीतरी प्रयोग चाललाय, घाबरायचं कारण नाही. हे सगळं ठाऊक असूनही तो लाथा घालायला लागला. ओरडला. स्वतःचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू आला नाही.

ब्लोअर थांबला. ढब्ब. आत वाकलेला पत्रा पुन्हा जागेवर आला.

दार पैलवानाने उघडलं. एका बोटाने.

"तोच आवाज," पैलवान म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"तोच," मावशी म्हणाली. "माणूस पडल्याचा नाही, पत्रा सुटल्याचा. फोरमनचं अंग गार होतं, म्हणजे ते कधीच पडलेले होते. पत्रा कुठून सुटला? आत खेचला गेला होता, म्हणून. ब्लोअर हवा ओढत राहिला आणि झरोक्यातून नवी हवा आली नाही, तर पेटी स्वतःचं दार स्वतःच आत ओढून धरते. झाडलेली धूळही बाहेर जात नाही; त्या धुळीत दाराला खांद्याने धडका देता देता त्यांचं हृदय बंद पडलं. आणि तुमचा नियम असा की ब्लोअर बंद केल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. त्यामुळे हे कधी कुणाला कळलंच नाही. बाहेरच्याला ते दार नेहमी बोटाने उघडणारंच दिसलं."

"झरोका बंद कशाने झाला?" काकाने विचारलं.

मावशीने मागच्या बोळात नेऊन दाखवलं. खाचेत तिने गोदामातला एक फिल्टर बसवला होता, प्लॅस्टिकसकट.

"त्या दिवशी गिऱ्हाईक यायचं होतं आणि इथला फिल्टर काळा दिसत होता. कुणीतरी सुट्टीत तो बदलला. फोरमन त्या वेळी आत झाडत होते, म्हणजे बदलणारे ते नव्हेत. शिवाय बाण उलटा आहे. ते पहिल्या दिवशी शिकवायचे तीच चूक ते करणार नाहीत. काका आणि पैलवान एकमेकांसमोर जेवत होते, आणि सुट्टीत साहेब आत असतात हे दोघांनाही माहीत होतं. काकांचा अंगठा तर झोपेतही प्लॅस्टिक फाडेल. मग उरला तो माणूस, ज्याला बाण माहीत नाही, सुट्टीत आत कुणी असतं हे माहीत नाही, आणि ज्याने फिल्टर जन्मात कधी प्लॅस्टिकशिवाय हाताळला नाही. जो पुढच्या खोलीत बसतो, पण आरडाओरडा झाला तेव्हा मागच्या बोळातून आला."

मालक भिंतीला टेकले.

"बसवताना सर्रकन आत ओढला गेला," ते म्हणाले. "मला वाटलं, बरा बसला. गिऱ्हाईक गेल्यावर इथून चाललो होतो, तेवढ्यात ब्लोअर थांबला, तर प्लॅस्टिक सुटून फडफडायला लागलं. दिसायला वाईट म्हणून ओढून काढलं. मग पैलवानाची हाक आली. कुणाला मारायचं नव्हतं हो मला. आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा बोलायची वेळ निघून गेली होती."

"वेळ होती," मुलगी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पोलिसांसमोर तुम्ही बोललात. बाबा उदास होते, म्हणालात."

पोलिसांना बोलवायला पैलवान स्वतः गेला.

भाचा एका खोक्यावर खांदा चोळत बसला होता. मुलगी त्याच्यापाशी आली.

"आत तुम्ही काय काय केलंत?"

तिला बरं वाटेल असं काहीतरी सांगावं असं त्याला वाटलं. पण ती ज्या नजरेने बघत होती, तिच्यापुढे खरं तेच सांगावं लागलं. "आधी दांडी. मग खांदा. मग लाथा."

"आणि?"

"ओरडलो."

"काय ओरडलात?"

भाच्याला लाज वाटली. "मावशीला हाका मारल्या," तो म्हणाला. "बाहेर कोण आहे, तेवढंच आठवतं माणसाला. दुसरं काही मनात येतच नाही."

तिने मान हलवली. काका दोन पावलं पुढे आला, थांबला, मग तिच्या डोक्यावर त्याने हात ठेवला. आणि वडील गेल्यापासून कुणासमोर डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती मुलगी, बोळात, सगळ्यांदेखत, मोठ्याने रडायला लागली.