ओर्मोनचा हात

दर गुरुवारी सरावाला जाताना सशस्त्र पोलिस तुकडीची गाडी बुबुकान आपांच्या फाटकाशी थांबायचीच. गुरुवारी सकाळी आपा कढई चढवत. पिठाचे छोटे चौकोनी तुकडे तेलात सोडले की बोरसोक फुगून वर यायचे आणि त्यांचा वास अंगणभर पसरायचा. गेलेल्या माणसाला जेवण पोचत नाही, पण तळणीचा वास पोचतो, असं त्या मुलखात सगळेच मानतात. आपांचा मुलगा ओर्मोन जाऊन वर्ष झालं होतं. वास ओर्मोनला आणि बोरसोक त्याच्या सोबत्यांना, अशी वाटणी त्यांनी पहिल्याच गुरुवारी करून टाकली होती.

त्या दिवशीही मेदेर आत जाऊन गाठोडं घेऊन आला. झाकिप गाडीचं इंजिन चालू ठेवून बसला होता. आणि सागिन, तुकडीचा म्होरक्या, ओर्मोनचा बारा वर्षांपासूनचा जिवलग, फाटकाबाहेर बर्फात उभा राहून बुटाच्या टोकानं एक दगड उकरत होता.

"सागिन, बाळा," उंबऱ्यातून आपांनी हाक दिली. "चहा उकळलाय. दोन घोट घेऊन जा."

"उशीर होतोय, आपा. पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी, पुढच्या वेळी... वर्ष झालं रे. माझ्या घराला दार आहे हे विसरलास की काय?"

सागिन हसल्यासारखं करून गाडीत चढला. दारं कशी ओलांडायची हे शिकवण्यातच ज्याची हयात गेली, त्याला हे एक दार ओलांडता येत नव्हतं.

त्याचं कारण तिघांनाही ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं.

बंद खोलीत शिरण्याचा त्यांचा नियम साधा होता. चौघं भिंतीला लागून, एकामागे एक. पहिल्याची नजर दारावर. त्यानं मागे वळून बघायचं नाही, काही झालं तरी नाही. शेवटचा, चौथा, पाठीला पाठ लावून मागची वाट राखतो. सगळं ठीक आहे अशी त्याची खात्री झाली की तो वळून पुढच्याचा खांदा एकदा दाबतो. तिसरा दुसऱ्याचा दाबतो, दुसरा पहिल्याचा. दाब पोचला की पहिला आत. पहिला शिरला की बाकीच्यांनी शिरायचंच, कारण चौकटीत जो रेंगाळला तो गेला. आणि खांद्यावर पंजा नुसताच टेकून राहिला, तर त्याचा अर्थ थांब. एवढीच त्यांची भाषा.

ओर्मोन चौथा असायचा. त्याची एक खोड होती. तो अंगठ्यानं दोनदा दाबायचा. सागिननं शंभरदा दटावलं असेल, "अरे, एकदा दाब. खांदा आहे, कणीक नाही." ओर्मोन हसायचा आणि पुन्हा दोनदा दाबायचा. मग त्याच्यापासून निघालेला दाब सगळेच दोनदा पुढे देऊ लागले.

गेल्या वर्षी शहराबाहेरच्या एका तिमजली घरात हत्यारबंद टोळी लपली होती. दुसऱ्या मजल्यावर, दाराशी, सागिनच्या खांद्यावर अंगठा दाबला गेला. एकदा, दोनदा. तो आत शिरला. झाकिप आणि मेदेर मागोमाग आले. पाठोपाठ बाहेरच्या बोळात गोळ्यांचा पाऊस पडला. खोली हाती आली, टोळी संपली, आणि ओर्मोन जिन्याच्या तोंडाशी पालथा सापडला.

चौकशीत दुसऱ्या क्रमांकाच्या झाकिपनं शपथेवर सांगितलं, "मी सागिन आकेंचा खांदा दाबला नाही. मला मागून दाब आलाच नव्हता."

म्हणजे सागिन आधीच घुसला. मागचा माणूस उघडा पडला आणि मारला गेला. शिक्षा कुणी केली नाही, तेवढी एक ओळ कागदावर आली. पण सागिनला शिक्षा करायला बाहेरच्याची गरज नव्हती. त्याच्या जाकिटाच्या खिशात राजीनामा होता. सोमवारी तो देणार होता. त्याआधी त्याला एवढंच कळायला हवं होतं, की त्या दिवशी खांद्यावर खरंच हात होता, की घाईत त्याला तो नुसता भासला होता? आपांसमोर बसायचं तर आधी ते ठाऊक असायला हवं होतं.

सरावाची जागा सरोवराच्या काठावर होती. कामगारांसाठी कधीकाळी बांधलेलं विश्रामगृह, आता उंदीर आणि घुबडांना आंदण दिलेलं. छपरावर गुडघाभर बर्फ. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, त्यामुळे भर दुपारी आत काळोख. लांबच लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना दारंच दारं. नवा चौथा स्वतःच्या लग्नासाठी रजेवर होता, म्हणून आज तिघंच.

"बिचारा तिकडे कुणाच्या मागे चौथा उभा असेल कोण जाणे," झाकिप पुटपुटला. "सासू पहिली, मेव्हणी दुसरी..."

"तोंड आवर, झाकिप. तू पुढे. मेदेर मधे. मी मागे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सागिन आजवर कधी मागे उभा राहिला नव्हता.

"आके, पहिले तर तुम्ही..." मेदेर म्हणाला.

"आता नाही."

त्यांनी सुरुवात केली. खांद्यावर दाब, झाकिप आत डावीकडे, मेदेर उजवीकडे, आधी कोपरे, मग मधलं. "साफ!" पुन्हा बोळ, पुन्हा भिंत, पुन्हा दाब. बंदुकींवरच्या दिव्यांच्या उजेडात कुजलेल्या गाद्या आणि पोपडे दिसत. ओल्या चुन्याचा वास घशात बसत होता. कुठंतरी वितळलेलं पाणी ठिबकत होतं. सात खोल्या झाल्या. शेवटच्या जागेवरून सागिनला एक गोष्ट पहिल्यांदाच उमगली आणि त्याला वाईट वाटलं. बारा वर्षं ओर्मोन इथून काय बघत होता हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. इथून फक्त रिकामा बोळ दिसतो. आणि चौथा दाब द्यायला पुढे वळतो, तेवढ्या क्षणात त्याच्या पाठीमागे कुणीच नसतं.

बोळाच्या टोकाला मोठ्या दिवाणखान्याचं दार होतं. तिथे पूर्वी पाहुणे नाचत असत. तिघं भिंतीला लागले. सागिननं मागच्या काळोखावरून दिवा फिरवला. कुणी नव्हतं. त्याच्या पाठीला मेदेरची पाठ लागलेली होती. श्वास ऐकू येत होते, तीन.

तो वळला. मेदेरच्या खांद्याकडे त्यानं हात नेला.

आणि त्याच्या स्वतःच्या उजव्या खांद्यावर एक पंजा टेकला.

दाबला नाही. नुसता टेकला, आणि राहिला.

सागिननं पुढची माणसं मोजली. झाकिप पुढे होता, त्याचं हेल्मेट दिसत होतं. मेदेर पुढे होता, दोन्ही हात बंदुकीवर. मागे भिंतसुद्धा नव्हती. मागे बोळ होता. आणि चुन्याच्या त्या ओल्या वासातून हळूहळू एक दुसरा वास वर आला. गरम तेलाचा. गुरुवारच्या सकाळचा.

"आके..." झाकिप कुजबुजला, मान न वळवता. "दाबा ना..."

सागिनचा हात मेदेरच्या खांद्यापासून बोटभर अंतरावर थांबला होता. वळावं, असं त्याला फार वाटलं. भीती वाटली म्हणून नव्हे. वळलं तर तो हात जाईल, एवढंच त्याच्या मनात आलं. तो वळला नाही.

"थांब," तो म्हणाला. आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "थांबा रे..."

"काय झालं?"

"हात आहे... थांब म्हणतोय..."

पाणी ठिबकत राहिलं. मग आत, दाराच्या पलीकडे, लाकूड एकदा करकरलं. पुन्हा करकरलं. आणि बर्फाच्या ओझ्यानं दिवाणखान्याचं अख्खं छप्पर खाली आलं.

दार चौकटीसकट हललं. फटींतून चुन्याची धूळ अंगावर आली. तिघं भिंतीला चिकटून खाली बसले. आवाज शांत झाल्यावर कळलं, की खांदा मोकळा आहे. सागिनला तेव्हा रडू फुटलं. आपण बचावलो म्हणून नव्हे, तो हात गेला म्हणून.

मेदेर पांढऱ्याफटक तोंडानं म्हणाला, "आके... तेलाचा वास आला तुम्हाला?"

"आला."

"मला तो त्या दिवशीही आला होता."

सागिननं मान वर केली. मेदेर गुडघ्यांत तोंड घालून बोलू लागला. तुटक तुटक, वर्षभर गिळलेलं एकदम बाहेर येतं तसं.

"त्या दिवशी मी तिसरा होतो. ओर्मोनच्या पाठीला माझी पाठ होती. आणि... ती पाठ सुटली. मला जाणवलं, आके. माझी पाठ गार पडली. मला वाटलं, दाब द्यायला वळला असेल. मी वाट बघत राहिलो. तेलाचा वास आला, म्हणून वळून पाहिलं. तो जिन्याच्या तोंडाशी पालथा होता. पाठीत सुरा. डोळे उघडे. मागून ते लोक वर येत होते..."

"मग?"

"मी ओरडायला तोंड उघडलं, तोवर तुम्ही आत घुसला होतात. आम्ही तुमच्या मागे. दोन क्षण उशीर झाला असता, तर तिघंही त्या बोळात रांगेत मेलो असतो." त्यानं नाक पुसलं. "पाठ सुटली तेव्हाच बोलायचं, हे तिसऱ्याचं काम. मी बोललो नाही. चौकशीतही नाही. मला लाज वाटली... आणि दोष तुमच्यावर आला. मी येऊ दिला."

झाकिप दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. "म्हणजे आकेंचा खांदा दाबला गेला, तेव्हा ओर्मोन..."

"गेला होता," मेदेर म्हणाला. "आधीच."

सागिन उठला. मेदेरनं डोळे मिटून घेतले, आता थोबाडीत बसणार म्हणून. पण सागिननं त्याचं डोकं छातीशी ओढून घेतलं. "वर्षभर एकटाच घेऊन बसलास, गाढवा," तो म्हणाला. "वर्षभर..." राग येईल असं त्याला वाटलं होतं. आला नाही. ओर्मोन दाब द्यायला वळला होता आणि त्याचं काम अर्धं राहिलं होतं. ते त्यानं मरून पुरं केलं. एवढा नियमाला पक्का माणूस, आणि आयुष्यभर बोलणी काय खाल्ली, तर नियम मोडून दोनदा दाबतो म्हणून.

परतताना गाडी न सांगताच फाटकाशी थांबली. गाठोडं मागच्या बाकावर तसंच होतं, आपांची गाठसुद्धा कुणी सोडली नव्हती.

सागिन अंगण चालून गेला. मेदेर आणि झाकिप फाटकातच उभे राहिले. उंबऱ्याशी मात्र तो अडला. आत आपा चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांना काय सांगायचं? तुमचा पोरगा मेल्यानंतर माझ्यापाशी आला, तुमच्यापाशी नाही? तो वळणारच होता.

उजव्या खांद्यावर अंगठा दाबला गेला. एकदा. दोनदा.

सागिन आत शिरला.

त्यानं सगळं सांगितलं. आपा चूल विसरून ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी दुवा मागत दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि थोडा वेळ तळव्यांतच रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "जाकीट काढ. घरात बसायचंय ना आता?"

जाकीट खुंटीला लावता लावता त्या थबकल्या. चुन्यानं पांढऱ्या झालेल्या उजव्या खांद्यावर तेलाचा पंजा उमटला होता. बोटं चार, आणि अंगठ्याचे दोन ठसे, एकाला एक चिकटून. आपांनी नाक लावलं.

"तेल आजचं आहे," त्या हळूच म्हणाल्या.

सोमवारी राजीनामा चुलीत गेला, तोही आपांच्याच. सागिननं मेदेरला सोबत घेऊन चौकशीचा कागद बदलून घेतला. पुढे तो पुन्हा पहिला उभा राहू लागला आणि मागे कधीच बघत नसे. जाकीट त्यानं तीनदा धुतलं. डाग आठवडाभरात सुकायचा, फिकट व्हायचा आणि गुरुवारी सकाळी पुन्हा ओला असायचा.

एकदा त्यानं ते आपांपुढे ठेवलं. "सोड्यानं जाईल का हो, आपा?"

आपांनी त्या दोन ठशांवर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "लहानपणी त्याला माझ्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय झोप यायची नाही. मधेच दोनदा दाबून बघायचा, आई जागी आहे का. मी 'हो' म्हटलं की मगच झोपायचा."

सागिननं जाकिटाची घडी घातली. मग त्यानं भीतभीत विचारलं, "आणि नाही म्हटलं तर?"

"कोण जाणे," आपा म्हणाल्या. "तशी वेळ मी कधी येऊ दिली नाही. तूही येऊ देऊ नकोस."