बारावा नेहमी उशिरा

लातुरातले झाडून सगळे क्लासवाले मुकुलला मूर्ख वाटायचे, आणि खरं सांगायचं तर तो फारसा चुकत नव्हता. टॉपरांचे फोटो चौकाचौकात दोन-दोन मजली लावतील. पण स्वतःच्या वेबसाइटचा पासवर्ड विचारा, की म्हणणार, ‘ते आमच्या भाच्याला ठाऊक!’ आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. त्या पिठावरच मुकुलचं खाडगाव रोडचं, वेबसाइटी सांभाळायचं ऑफिस चालायचं. ऑफिस कसलं, स्लॅबची एक खोली, पुढं मोकळं अंगण, आणि कोपऱ्यात मागच्या भाडेकरूनं टाकून दिलेली एक लांबलचक सतरंजी.

सोमवारी आलोक सर आले. काका गेल्यापासून, म्हणजे शरदचंद्र सर वारल्यापासून, क्लास यांच्याच हातात होता. जुन्या कंपनीच्या सर्व्हरवर वेबसाइट दिवसाआड बंद पडायची. ती डोमेनसकट, म्हणजे इंटरनेटवरच्या नाव-पत्त्यासकट, नव्या कंपनीकडं हलवायची होती.

“काकांनी काय काय कचरा भरून ठेवलाय देव जाणे,” आलोक सर खुर्चीत रेलत म्हणाले. “लागेल तेवढा घ्या. बाकीचा मातीत घाला.”

मुकुलनं अर्ज भरला. डोमेनच्या मालकाच्या रकान्यात त्यानं स्वतःचं नाव टाकलं आणि पत्ता आपल्याच ऑफिसचा. इथले सगळे हेच करतात. गिऱ्हाईक उद्या दुसरीकडं पळायला निघालं, तर डोमेन आपल्या मुठीत असतं. आलोक सरांनी न वाचताच हो म्हटलं. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणून मुकुल कामाला लागला.

जुन्या फायली उतरवताना त्याला हजेरीची पानं दिसली. पोरगं सकाळी क्लासात पोचलं, की ‘आपला पाल्य हजर’ असा मेसेज आईबापाच्या मोबाइलवर जातो. गावाकडून पोर लातुरात ठेवणाऱ्याला तेवढाच आधार. चाळीस बॅचेस होत्या, सगळ्या अकरावी-बारावीच्या. एक्केचाळिसावी मात्र होती ‘सातवी, तळणेवाडी’. बारा नावं.

तळणेवाडी म्हणजे त्र्याण्णवच्या भूकंपात भुईसपाट झालेलं गाव. शरदचंद्र सर तेव्हा तिथं मास्तर होते. अनंत चतुर्दशीला गणपती बघायला लातुरात आले आणि मुक्कामाला राहिले, म्हणून वाचले. सातवीच्या वर्गातलं एकही पोर उरलं नाही. ही गोष्ट क्लासच्या माहितीपत्रकातसुद्धा पहिल्या पानावर छापलेली होती.

“म्हातारा चळला होता,” मुकुल मोठ्यानं म्हणाला आणि हसला.

मग त्याची नजर तारखेवर गेली. हजेरी आजची होती. अकरा नावं सहा बावन्नला. बारावं, बजरंग, सात वाजून चार मिनिटांनी.

त्यानं मागच्या दिवसांची हजेरी काढली. रविवारी कोणी नाही. अनंत चतुर्दशीला कोणी नाही. एरवी रोज बाराच्या बारा, आणि बजरंग रोज उशिरा. शरदचंद्र सरांना जाऊन तर तीन वर्षं झाली होती.

सरांनी कुठंतरी टायमर लावून ठेवला असणार. मुकुलनं दोन तास खर्ची घातले. टायमर नव्हता. अंगठा घ्यायच्या मशीनवरूनही ही हजेरी येत नव्हती. ती कुठूनच येत नव्हती. दुसरा एखादा घाबरला असता, हा पठ्ठ्या चिडला. स्वतःला सगळं कळतं असं ज्याला वाटतं, त्याला न कळलेल्या गोष्टीचा आधी रागच येतो. त्यानं ती बॅच सोडून बाकी सगळं नव्या सर्व्हरवर चढवलं आणि बुधवारी पहाटे जुना सर्व्हर कायमचा बंद केला.

गुरुवारी दुपारी एक म्हातारी दारात आली. नऊवारी, पायांवर धूळ, हातात बटणांचा जुना मोबाइल. क्लासवाल्यांनी तिला इकडं पिटाळलं होतं.

“मी लक्ष्मीबाई, तळनेवाडीची. काल मेसेज आला न्हाई बापू. आजबी न्हाई. माझं बजरंग कुठं हाय?”

मुकुलनं कपाळाला हात लावला. “आजी, ते यंत्र आहे. तुमचा मुलगा त्र्याण्णवलाच...”

“मला ठावं हाय. मीच त्येला उकरून काढलंय.” ती आवाज न चढवता म्हणाली. “यंतर का फिंतर आसंना. सरांनी चालू केल्यापून रोज वाजतंय. हजर हाय म्हनलं की मग मी चूल पेटविते. कालपून घास उतरंना झालाय.”

“सर्व्हर हलवलाय. नवा पत्ता सगळीकडं पोचायला दोन दिवस लागतात.” तिला घालवायलाच तो म्हणाला, आणि या वाक्यापुरतं ते खरंही होतं.

“म्हंजी लेकरं पत्ता हुडकीत फिरायलीत,” म्हातारी म्हणाली. तिनं मान वर करून छताकडं पाहिलं. “ती हितं आली तं आत नका बसवू. स्लॅबखाली न्हाई बसायची ती.”

“हाव, बरं. निघा आता,” मुकुल तिच्या बोलीची नक्कल करत म्हणाला. ती गेल्यावर तो एकटाच हसला, पण हसू काही जमलं नाही.

शुक्रवारी सकाळी तो साडेसहालाच ऑफिसात आला. नवा पत्ता लागू झाला होता आणि आलोक सरांना पहिली हजेरी तपासून हवी होती. प्रत्येक मेसेजची नक्कल मुकुलच्या फोनवर यायची सोय होती. त्यानं दाराला आतून कडी घातली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सहा बावन्नला फोन थरथरू लागला.

सातवी, तळणेवाडी. हजर. हजर. हजर. अकरा वेळा. प्रत्येकाच्या खाली ‘नंबर बंद’.

ही बॅच नव्या सर्व्हरवर नव्हती. त्यानं पुन्हा पाहिलं. नव्हतीच.

मेसेजच्या शेवटी क्लासचा पत्ता असतो. इथं पत्ता त्याच्या ऑफिसचा होता, डोमेनच्या अर्जात त्यानं भरलेला.

खोलीत कोणी नव्हतं. टेबलावर मात्र बारीक पांढरी माती पडली होती. त्यानं वर पाहिलं. स्लॅब धड होता. माती पडतच होती.

बाहेर अंगणात कोणीतरी खाकरलं, लहान पोरं आत यायला लाजतात तसं.

मुकुलनं कडी काढली. अंगण रिकामं होतं. त्यानं कोपऱ्यातली सतरंजी ओढत बाहेर नेली आणि उघड्यावर अंथरली.

मग तो उंबऱ्याशी उभा राहिला. वारा सुटला होता. अंगणातला पाचोळा उडत होता, आणि सतरंजीचं एक टोक फडफडत होतं.

फक्त एक टोक. बाकीची सतरंजी हलत नव्हती.

सात वाजून चार मिनिटांनी फोन थरथरला. बजरंग, हजर. खाली लिहिलं होतं, ‘मेसेज पोचला’.

वारा तसाच होता. सतरंजीचं ते टोकही खाली बसलं.