पाटापलीकडचा निळा राजपुत्र

“...आणि परीलोकातलं फळ जिने एकदा चाखलं, ती पुन्हा कधी घरी येत नाही!” रचनाताईने वही मिटली.

राही पुढे सरकली. “आणि तो राजपुत्र?”

“तो पाटापलीकडे उभा असतो. निळ्या उजेडात, तिची वाट बघत.” ताई स्वतःशीच हसली. ते हसू राहीला मुळीच आवडलं नाही.

राही आणि तिचा मोठा भाऊ सुजित दिवाळीच्या सुट्टीत श्रीवर्धनला रघूमामाच्या सुपारीच्या वाडीत आले होते. मामाची मुलगी रचना बारावीत होती. अभ्यासाच्या वहीत ती पऱ्यांच्या प्रेमाची कादंबरी लिहीत होती आणि रोज एक अध्याय या दोघांना वाचून दाखवत होती. ऐकायला मजा यायची, पण एक घोटाळा होता. तो निळा उजेड नुसता वहीतला नव्हता! वाडीच्या टोकाला, पाण्याचा पाट जातो तिथे, राहीने मागच्या खिडकीतून तो स्वतः पाहिला होता. सोमवारी एकदा, बुधवारी एकदा.

तिने मामाला विचारलं, तर मामाचा चेहरा एकदम उतरला. “तिकडं फिरकायचं न्हाय! जागा वाईट हाय ती!” एवढंच बोलून तो उठून गेला.

“मोठी माणसं घाबरली म्हणजे तिथे खरंच काहीतरी आहे!” सुजित म्हणाला.

ताईचं उलटंच झालं. तेव्हापासून तिचा पाय घरात ठरेना. “शेवटचा अध्याय मी तिथेच जाऊन लिहिणार,” असं ती दोनदा म्हणाली होती.

शुक्रवारी दिवेलागणीला राही ओटीवर आली. वही उघडी पडली होती, पण ताई नव्हती. मामी बाजारात गेली होती, मामा वाडीला पाणी लावायला. पायरीपाशी ताईच्या चपला तशाच होत्या.

“दादा, ताई अनवाणी गेली! तिच्या गोष्टीतली मुलगीपण अनवाणीच जाते!”

सुजितने कोपऱ्यातला कोयता उचलला. “पऱ्यांना लोखंड सोसत नाही. ताईनेच लिहिलंय तसं!”

“मला भीती वाटते रे.”

“मलापण वाटते. चल!”

पोफळींच्या रांगांत काळोख भरला होता. लांबून समुद्राचा आवाज येत होता आणि कुठूनतरी बारीक घूं घूं. राहीचा पाय वाळक्या पानावर पडला, कर्रर्र झालं आणि ती किंचाळली. सुजितने तिचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात समोर चर्रर्र झालं. निळा उजेड! त्या उजेडात ताईची पांढरी ओढणी दिसली. ती पाटाच्या काठावर उभी होती. पलीकडे जायला तिला दोन पावलंच उरली होती!

“ताई, थांब!” सुजित कोयता उगारून धावला.

राहीने येताना घेतलेली बॅटरी पुढे धरली. तिचा झोत जमिनीवर पडला आणि राही जागीच थिजली. तिथे एक मेलेलं मुंगूस पडलं होतं, दात विचकलेलं, ताठ. राजपुत्राचं मुंगसाशी काय वैर? तिने झोत वर नेला. बांबूच्या खुंट्यांवरून गुडघाभर उंचीवर एक उघडी तार गेली होती. वाऱ्याने तिच्यावर ओली झावळी घासली की निळी ठिणगी उडत होती. आणि ती घूं घूं? मामाचा पंप! वाडीला दिवसाआड पाणी. सोमवार, बुधवार, आज शुक्रवार. पाण्याचे दिवस तेच उजेडाचे दिवस!

“दादा, कोयता टाक! तारेत वीज आहे!”

कोयता तारेपासून हातभर लांब होता. सुजितने तो मागे भिरकावला. ताई दचकून वळली, तिचा पाय चिखलात सरकला आणि तिने शेजारच्या पोफळीला मिठी मारली. खाली पाणी, समोर तार, पाय टिकत नव्हते.

“राही, मला मागे येता येत नाहीये गं!” ताई रडत म्हणाली.

सुजित तिच्याकडे झेपावणार, तोच राही ओरडली, “हात लावू नको! तूपण घसरशील! मी पंप बंद करते!”

पंपाची खोली वाडीच्या दुसऱ्या टोकाला होती आणि वाटेत मिट्ट काळोख. एकटीने जायचं या विचारानेच तिला रडू फुटलं. पण ती धावली! रडत धावली, पडली, उठून पुन्हा धावली. खोलीत मामा नव्हता. तो पलीकडे पाट वळवायला गेला होता. राहीने कोरडी काठी उचलली आणि तिच्या टोकाने लाल बटण दाबलं.

घूं घूं थांबली. निळा उजेडही विझला. मग लांबून सुजितची हाक आली, “धरलं ताईला!” आणि राहीने डोळे पुसले.

“पंप कुणी बंद केला रे?” मामा तणतणत आला. राहीने त्याला हाताला धरून पाटापाशी नेलं आणि मुंगसावर झोत टाकला. शेजारी चिखलाने भरलेली ताई थरथरत उभी होती. मामाने डोक्याला हात लावला.

“रानडुकरांसाठी लावली व्हती ही तार,” तो कसाबसा म्हणाला. “पंपालाच जोडली. पाणी नेहमी मध्यरात्रीचं असायचं, तवा इकडं कोण येतंय? या हप्त्यात वीज संध्याकाळची झाली, तरी वाटलं, तुम्हाला भीती घातली की कुणी फिरकणार न्हाय.”

“मग जागा वाईट आहे असं का म्हणालास, मामा?”

“अशी तार लावणं गुन्हा हाय, पोरी. तुम्हाला सांगितलं असतं, तर गावभर झालं असतं.”

मामी बाजारातून आली आणि सगळं ऐकून तिने आधी लेकीला कुशीत घेतलं. मग मामाकडे वळली. “पोरांना खोटी भुतं दाखवायला लाज न्हाय वाटली? आज आपली पोर गेली असती!”

मामा मान खाली घालून उभा राहिला. सकाळी त्याने तार स्वतः उपटली आणि शेजारच्या वाडीवाल्यांना बोलावून आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली. मग राहीच्या डोक्यावर हात ठेवला. “माझी रचना हिच्यामुळं वाचली. आमच्या घरात अक्कल कुणाला हाय, ते कळलं मला!”

“आणि कोयता कोणी टाकला?” सुजित म्हणाला. सगळे हसले. मामीने त्याच्या हातात दोन करंज्या ठेवल्या.

दुपारी ताईने वही उघडली. शेवटचा अध्याय जेमतेम अर्ध्या पानाचा होता. राजपुत्र पाटापलीकडे उभा होता, निळ्या उजेडात. तेवढ्यात मुलीची धाकटी बहीण रडत रडत आली आणि म्हणाली, घरी चल.

“मग ती घरी गेली?” राहीने विचारलं.

“गेली की!” ताईने तिला जवळ ओढलं. “बहिणीने आणलेल्या चपला घालून गेली.”