सोळा सेंटीमीटरचा कल

सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेलं नाही आणि त्याचं मला आता वाईटही वाटत नाही. पण एक मुलगी होती, जी नुसत्या नजरेने भिंतीची उंची सांगायची. ती खोलीत शिरली की खोलीच अंग चोरून उभी राहायची. न जाणो, आपला कोपरा काटकोनात नाही हे हिच्या लक्षात आलं तर!

उभ्या इमारतींची मापं घेणं हे तिचं काम. आज या गावी, परवा त्या गावी. पाठीवर पिशवी आणि तिच्यात टेप, लेझर मीटर, भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा आणि एक जाडजूड वही. जुन्या इमारतीचा नकाशा हरवलेला असतो, नाहीतर मुळात कुणी काढलेलाच नसतो. मग ती खोलीखोलीतून फिरून तो कागदावर उतरवायची. सगळे तिला मापवालीच म्हणायचे. बारा वर्षांत तिच्या एकाही आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे.

तर एके सकाळी ती एका तिमजली इमारतीशी पोचली. खाली वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान. आत एक काटेवाला बसलेला. दिसायला असा राजबिंडा की समोरून जाणाऱ्या सायकली आपोआप हळू व्हायच्या. मापवालीने आत येऊन पिशवी खांद्यावरून उतरवली आणि समोर दिसलं त्या पत्र्यावर ठेवली.

"उचला ती," तो मान वर न करता म्हणाला. "काट्यावर ठेवलीत."

"मला वाटलं, स्टूल आहे."

"नऊ किलो चारशे. एवढं ओझं घेऊन हिंडता?"

"तुमचं टेबल एकशे अठ्ठावीस सेंटीमीटर," ती म्हणाली. "एवढ्याशा दुकानात एवढं टेबल ठेवता?"

आता त्याने मान वर केली. तिच्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. मग उठून टेप लावून टेबल मोजलं. एकशे अठ्ठावीस. पुन्हा मोजलं. टेबलाचं काय बिघडणार होतं, पण तेवढाच वेळ ती समोर उभी राहिली असती…

"राहू दे पिशवी तिथेच," तो म्हणाला.

पण ती आली होती कशासाठी, हे ऐकून त्याचं हसू मावळलं. दारावर नोटीस चिकटवलेली होतीच : मागची भिंत सोळा सेंटीमीटर आत कलली आहे, इमारत धोकादायक, पुढच्या महिन्यात पाडणार. पाडण्याआधी कागदोपत्री एक नकाशा हवा, म्हणून ऑफिसातल्या साहेबांनी मापवालीला पाठवलं होतं. वरच्या मजल्यावर त्याची आत्या राहायची. आईमाघारी तिनेच त्याला वाढवलेलं. जिना उतरून तिला वर्ष झालं होतं आणि दुसऱ्या घरी जायचं नाव काढलं की ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

"अगं मुली," आत्या पहिल्याच दिवशी म्हणाली, "ते सोळाचं जरा कमी करून मिळेल का?"

"आत्या, भाजी आहे का ती?" काटेवाला म्हणाला. मग जिन्यात मापवालीला गाठून हळूच बोलला, "तिचं मनावर घेऊ नका. लोकांचे खोटे काटे सरळ करण्यात माझा जन्म गेलाय. माझ्यासाठी एक मिलिमीटरही इकडचा तिकडे नको."

"तुम्ही म्हणाला असतात, तरी केला नसता."

"ते टेबल मोजलं तेव्हाच कळलं," तो म्हणाला, आणि जिन्यात दोघांना पुरेल एवढी जागा असूनही कुणी बाजूला झालं नाही.

दोन दिवस असेच गेले. ती मापं घ्यायची, तो टेपचं दुसरं टोक धरायचा. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबायची. तिसऱ्या दिवशी वहीत भिंतींची जाडी लिहिताना मापवालीचा हात थांबला. मागची भिंत तळाच्या खिडकीपाशी साठ सेंटीमीटर जाड होती. पहिल्या मजल्यावर बावन्न. म्हणजे सगळ्यात वर चव्वेचाळीस निघाली, तर… साठातून चव्वेचाळीस गेले, सोळा. भिंत कललेलीच नव्हती. जुन्या गवंड्याने ती खाली जाड आणि वर पातळ बांधली होती. आतली बाजू सरळ सोटासारखी, सगळा उतार बाहेरून. गल्लीतून ओळंबा सोडणाऱ्याला तो कल वाटणारच.

मापवालीने वही मिटली. कारण गल्लीतून ओळंबा सोडणारी तीच होती. गेल्या वर्षी दुकान बंद होतं, बस सुटायला आली होती, तिने बाहेरूनच माप घेतलं आणि खाली सही ठोकली.

वरच्या मजल्याला त्या भिंतीत खिडकी नव्हती. होता एक बुजवलेला झरोका, आत्याच्या कपाटामागे. दोघांनी कपाट सरकवलं. मग तो बाहेरून शिडीवर चढला, ती आत उभी राहिली, आणि दोन्हीकडून विटा निघाल्या. मधोमध हातभर उजेड आला, आणि त्या उजेडात धुळीने माखलेला एक डोळा. तिने लोखंडी गज आरपार घातला.

"धरलात?"

"धरला."

"ओढू नका, नुसता धरा."

"मी कुठे ओढतोय? तुम्हीच ओढताय."

ती ओढत नव्हती. तोही नव्हता. मग गज हलत का होता, ते मला विचारू नका.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "एक सांगायचंय… ते सोळा माझे होते. गेल्या वर्षीचे. घाईत होते मी."

बाहेर शिडी करकरली.

"नसतं सांगितलंत, तर कुणाला कळलं असतं?"

"मला."

"गिऱ्हाईक काटा आणतं ना," तो म्हणाला, "तेव्हा शपथा घेतं, आमचा काटा कधी चुकत नाही म्हणून. चुकला असं आपल्या तोंडाने सांगणारं माणूस आज पहिल्यांदा बघतोय."

"रागावला नाहीत?"

"रागावलोय की. पण शिडीवर आहे, हात मोकळे नाहीत."

"तुमची भिंत मोजून झाली असेल," आत्या आतून म्हणाली, "तर ते भोक बुजवा. वारा येतोय."

मापवालीने अहवाल लिहिला. साहेब म्हणाले, यंत्र बिघडलं होतं असं लिही, काम भागेल. तिने पहिल्याच ओळीत लिहिलं : मागच्या अहवालातलं माप चुकलं, चूक माझी. खाली पूर्ण नावाने सही केली. बारा वर्षांतल्या बिनचूक वह्यांचा तिला कधी वाटला नव्हता, एवढा अभिमान त्या एका ओळीचा वाटला. महिनाअखेर नोटीस रद्द झाली आणि त्या खुशीत आत्या एक मजला खाली उतरून आली.

मग निघायचा दिवस. नोटीस रद्द झाल्याची बातमी द्यायला मापवाली स्वतः आली होती आणि पुढच्या गावी जायची तिची बस उभी होती. आता ऐका. काटेवाल्याने भर रस्त्यात गुडघे टेकले. असा काही बोलला, असा काही बोलला की ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, कंडक्टरने डोळे पुसले, आणि अर्धा तास—

"खोटं."

माझ्या मागे दारात मापवाली उभी होती. केस पिकलेले, हातात टेप.

"गुडघे नाहीत टेकले आणि अर्धा तासही नाही. आता एवढं बोलताहेत, पण तेव्हा हे एक अक्षर बोलले नव्हते. पिशवी धरून नुसते उभे, ती देईनात. मीच म्हटलं, काम मी सोडणार नाही, फिरतच राहीन, पण दर वेळी परत इथेच येईन… चालेल का? तर यांनी फक्त मान हलवली. तीही दोनदा, कारण पहिल्यांदा हलवली ती मला दिसलीच नाही."