पाणरेषेचा तेरावा भाग

डॉ. नसीम बागवान यांनी भूपाल मगदूमांच्या पांढऱ्या केसांवर स्मृतिग्राहकाचा पट्टा बसवला, कानामागची दोन टोकं तपासली आणि समोरच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर राखाडी सावल्या हलू लागल्या होत्या.

"आता मी काय करायचं, मॅडम?"

"काही नाही. फक्त आठवायचं. पहिल्या भागापासून, जमेल तसं."

"ते तर मी चोपन्न वर्षं करतोयच की," भूपाल म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

२०४१ सालचा जानेवारी महिना होता. एक हरवलेली मालिका आठवणींतून पुन्हा उभी करण्यासाठी कोल्हापूरच्या स्मृतिसंशोधन केंद्रात बसलेला हा दोनशे चौदावा आणि शेवटचा प्रेक्षक. बाकीचे दोनशे तेरा भूपालांनीच गोळा करून आणले होते.

भूपाल मगदूमांचं इचलकरंजीत चष्म्याचं दुकान होतं. वयाच्या साठीला त्यांनी ते मुलीच्या हाती दिलं आणि 'विसरलेला पडदा' नावाचं सदर संगणकजालावर लिहायला घेतलं. एकाच आठवड्यात थिएटरातून उतरलेले सिनेमे, दुय्यम भूमिकांतले कुणाला नाव ठाऊक नसलेले नट, दर बुधवारी लागणाऱ्या आणि तीन महिन्यांत कायमच्या नाहीशा झालेल्या मालिका, हे त्यांचे विषय. लिहिण्यात पांडित्य नव्हतं. "या सिनेमात नायक पावसात भिजतो, पण त्याच्या चष्म्यावर एक थेंब पडत नाही. मी धंद्याने चष्मेवाला असल्यामुळे मला हे सहन झालं नाही," असं ते लिहायचे. वाचणारे हजार-दीड हजार असतील, पण ते टिकून होते.

त्यांचं सगळ्यात लाडकं नाव होतं 'पाणरेषा'. १९८७ साली लागलेली ही मालिका पुढे कुणाच्या लक्षात राहिली नाही. तिच्या टेप पुसून त्यांवर दुसरं काही भरलं गेलं, जसं त्या काळी सर्रास होत असे. गोष्ट साधी होती. एका धरणाचं पाणी कुठवर चढणार याची रेघ मारायला एक तरुण सर्वेक्षक जीप घेऊन खोऱ्यात येतो. प्रत्येक भागात एक घर. तो भिंतीवर चुन्याने रेघ ओढतो, आणि त्या घरची माणसं नव्या जागी जाईपर्यंत सांभाळ म्हणून त्याला एक वस्तू देतात. कुणी जात्याचा खुंटा, कुणी देवळातली घंटा, कुणी आंब्याचं रोप. जीप भरत जाते. बाराव्या भागाच्या शेवटी तो एका एकट्या म्हातारीच्या दारात उभा राहतो. तिच्यापाशी द्यायला काहीही नाही, आणि ती घर सोडायला तयार नाही.

तेराव्या भागात काय झालं ते मात्र भूपालांनी सदरात कधीच लिहिलं नव्हतं. शेवट आधीच सांगितला तर बघणाऱ्याचा आनंद जातो, असा त्यांचा नेम होता.

नसीम यांचे सहकारी डॉ. चिन्मय सबनीस हे संख्याशास्त्रज्ञ. पहिल्या दिवशी भूपालांनी त्यांना सरळच विचारलं होतं.

"माणसाच्या आठवणीवर भरवसा कसा ठेवणार, साहेब? आमच्या घरी दोन भाऊ एकाच लग्नाची दोन वर्णनं सांगतात."

"एकाच्या आठवणीवर ठेवायचाच नाही," सबनीस म्हणाले. "एखाद्या अंधूक ताऱ्याचे शंभर फोटो काढले तर प्रत्येकात वेगवेगळे ठिपके चुकून उमटतात. ते सगळे एकावर एक ठेवले की चुकीचे ठिपके फिके पडतात आणि तारा ठळक होतो. चुका प्रत्येकाच्या निराळ्या असतात. जे सगळ्यांत समान उरतं, त्याला आम्ही समस्मृती म्हणतो."

"आणि समान ते खरं?"

"आजवरच्या प्रत्येक चाचणीत तसंच निघालंय," नसीम म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या मध्यावर केंद्राच्या छोट्या सभागृहात त्यांनी तिघांपुरतीच 'पाणरेषा' लावली. चित्र पाण्याखालून पाहावं तसं होतं, चेहऱ्यांच्या कडा थरथरत होत्या. पण चेहरे होते, आवाज होते. सकाळी दहाला सुरू झालेलं प्रक्षेपण संध्याकाळी पाचला तेराव्या भागाशी आलं. सर्वेक्षक हातात चुन्याचा डबा घेऊन उभा. म्हातारी त्याच्याकडे बराच वेळ बघते. मग उठते, दाराला कडी घालते, चालत जाऊन जीपमध्ये त्या सगळ्या वस्तूंच्या मध्ये बसते आणि म्हणते, "माझ्याकडं मीच आहे. मला ठेव सांभाळून." जीप चालू होते. तिथे चित्र संपलं.

भूपाल म्हणाले, "हेच. अगदी हेच. लोक म्हणायचे, मगदूम, तेरावा भाग होता हे तुम्ही मनचं सांगताय, मालिका अर्धवट बंद पडली होती. आता दाखवतो एकेकाला."

नसीम यांनी प्रसिद्धीचा दिवस ठरवला. मालिकेच्या लेखिका आणि दिग्दर्शिका कुमुद वर्दे वेंगुर्ल्याला राहत होत्या, वय अठ्ठ्याऐंशी. त्यांना दोन पत्रं गेली होती, उत्तर आलं नव्हतं.

चार दिवसांनी सबनीस नसीम यांच्या खोलीत आले आणि दार लावून बसले.

"तेराव्या भागात गडबड आहे. या दोनशे चौदांपैकी एकशे सत्तर जणांच्या घरी तेव्हा कृष्णधवल टीव्ही होता. पहिले बारा भाग त्यांना काळेपांढरेच आठवतात. तेरावा त्यांना रंगीत आठवतो."

नसीम यांनी हातातला कप खाली ठेवला. "सगळ्यांना?"

"एकूण एक. आणि म्हातारीचं लुगडं प्रत्येकाच्या आठवणीत वेगळ्या रंगाचं आहे. सगळे रंग मिसळून करडा झाला, म्हणून पडद्यावर आपल्याला कळलं नाही. मी जुन्या साप्ताहिकांतले कार्यक्रमांचे तक्ते काढले. बारा भाग, नसीम. तेराव्या बुधवारी त्या वेळेला शेतीविषयक चर्चा होती."

"मग एकानं सांगितलं आणि बाकीच्यांच्या मनात भरलं असेल."

"तेही पाहिलं. मगदूमांनी शेवट कधी लिहिलेला नाही, यांच्यापैकी कुणाला सांगितलेलाही नाही, आणि हे लोक एकमेकांना भेटलेले नाहीत."

नसीम खिडकीशी गेल्या. बोलायला लागल्या तेव्हा त्या स्वतःलाच समजावत होत्या. "मेंदूला अर्धवट गोष्ट ठेवता येत नाही. तो ती पुरी करतो, आणि पन्नास वर्षांत पुरी केलेली आणि पाहिलेली यांतला फरक पुसून टाकतो. बारा घरांनी बारा वस्तू दिल्या. तेराव्या घरात वस्तूच नाही. मग द्यायला काय उरतं? बारा भाग लक्ष देऊन पाहिलेला कुणीही तिथेच पोचणार."

"म्हणजे समान ते खरं, हे आपलं सूत्र चुकलं."

"सूत्र अपुरं होतं. समान ते समान, एवढंच. प्रसिद्धी थांबवा. मगदूमांना मी सांगते."

भूपालांनी सगळं ऐकून घेतलं. टोपी हातात गोल फिरवत राहिले.

"म्हणजे लोक खरं बोलत होते," ते शेवटी म्हणाले. "मी खोटा."

"खोटं तुम्ही बोलला नाहीत. तुम्हाला जे दिसलं तेच सांगितलंत."

"मॅडम, माझं सगळं लिखाण आठवणीवर आहे. एका तरी वाक्याखाली पुरावा आहे का? आता कुठलं खरं न् कुठलं मी रचलेलं, मला तरी काय कळणार? सदर बंद करतो. लोकांची माफी मागतो आणि गप बसतो." थोडं थांबून ते म्हणाले, "पण त्या बाईंना मी तोंडी सांगणार. त्यांच्या नावावर आपण भलतंच काही खपवत होतो."

नसीमनाही ते पटलं. त्यांनी तिसरं पत्र लिहिलं, या वेळी विनंती नव्हती, कबुली होती. त्याला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. एकच ओळ: या, येताना ते चित्र घेऊन या.

कुमुद वर्दे समुद्राकडे पाठ करून ओसरीवर बसल्या होत्या. अंगाने वाळलेल्या, आवाज मात्र खणखणीत. भूपालांनी वाकून नमस्कार केला आणि बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. आपण इतकी वर्षं तेराव्या भागाबद्दल कसं सांगत आलो, तो नव्हताच हे कसं कळलं, म्हणून सदर कसं बंद करतोय, हे सगळं त्यांनी न थांबता सांगितलं.

"चूक झाली, ताई. तुमच्या कामात मी माझं घुसडलं."

"आधी दाखवा," कुमुदताई म्हणाल्या.

नसीम यांनी भिंतीवर चित्र लावलं. म्हातारी उठली, तिने कडी घातली, जीपमध्ये बसली. "माझ्याकडं मीच आहे. मला ठेव सांभाळून."

कुमुदताईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "पुन्हा लावा."

तीनदा पाहून झाल्यावर त्या बोलल्या.

"मालिका बंद पाडली, असं मी सगळ्यांना सांगितलं. वरून आदेश आला, वेळ मिळाली नाही. खोटं होतं ते. तेराव्या भागाची वेळ राखून ठेवली होती, नट थांबले होते. माझ्याकडे शेवट नव्हता. म्हातारी बुडाली तर मी त्या बाईला मारलं असतं. तिला ओढून बाहेर काढलं तर त्या सर्वेक्षक मुलातला माणूस मारला असता. धरण रद्द झालं असं दाखवायला मी कोण? दोन महिने लिहिलं आणि फाडलं. शेवटी कळवलं, माझ्याच्याने होत नाही. त्यानंतर मी एक ओळ लिहिली नाही."

"चोपन्न वर्षं?" नसीम यांनी विचारलं.

"पहिली दोन पत्रं आली तेव्हा वाटलं, कुणीतरी माझं अपयश उकरून काढतंय. म्हणून उत्तर दिलं नाही." त्या भूपालांकडे वळल्या. "मगदूम, मी शेवट जीपच्या बाहेर शोधत होते. तो जीपमध्ये होता. बारा घरं मी लिहिली आणि मलाच दिसलं नाही. तुम्हाला तेव्हा किती वर्षं होती?"

"चौदा."

"आणि तुम्ही माफी मागायला आलात."

नसीम म्हणाल्या, "ताई, केंद्र हा भाग काढून टाकून बाकीचे बारा प्रसिद्ध करणार आहे. न घडलेलं घडलं म्हणून दाखवता येणार नाही."

"घडलं म्हणून नका दाखवू. आधी पाटी लावा, की हा भाग कधी चित्रित झाला नाही, तो पाहणाऱ्यांनी पुरा केला. कथेच्या खाली माझं नाव बाराव्या भागापर्यंत. तेराव्याला या सगळ्यांची नावं घाला, दोनशे चौदा."

"आणि सदर बंद करायचं डोक्यातून काढा," असं त्यांनी भूपालांना बजावलं. "फक्त जिथे आठवत नाही तिथे आठवत नाही असं लिहीत चला."

चहा झाला. निघायच्या वेळी कुमुदताईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "पण जीप चालू झाल्यावर पुढे काय? चित्र तिथेच का तुटतं?"

"जे सगळ्यांत समान असतं तेवढंच आमचं यंत्र दाखवतं," नसीम म्हणाल्या. "त्यापुढे एकमत होत नाही. आम्ही तिथेच भाग संपला असं धरलं."

"तुम्हाला पुढचं आठवतं का हो, मगदूम?"

भूपाल थोडे संकोचले. "आठवतं. म्हणजे, आता मीच रचलेलं म्हणायचं ते. जीप आमच्या गल्लीत येते. आई पुढं होऊन तिला हात देते. तवर मधल्या खोलीतली खाट रिकामी केलेली असते."

नसीम यांनी पिशवीतून संगणकपट्टी काढली. समान नसलेला भाग त्यांनी आजवर उघडूनच पाहिला नव्हता. आता एकेका प्रेक्षकाची आठवण त्यांनी वेगळी लावली. एक जीप शाहूपुरीत, त्या प्रेक्षकाच्या चाळीसमोर थांबली. एक सोलापुरात, विणकरांच्या वस्तीत. एक मिरजेला, हौदापाशी, आणि आतून कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आलं. पुढची एका शाळामास्तरांच्या अंगणात वळली.

"किती घरं आहेत?" कुमुदताईंनी विचारलं.

"दोनशे चौदा," नसीम म्हणाल्या, आणि पुढची आठवण लावली.