रागाचं पथ्य

भालकीच्या डॉक्टरनं निलम्माला चार गोष्टी सांगितल्या. मीठ कमी करा. लोणचं-पापड बंद. सकाळी उठून पायी फिरा. आणि राग करू नका.

घरी आल्यावर मीठ कमी झालं नाही, कारण तिच्या नवऱ्याला, अमृतप्पाला, अळणी आमटी उतरत नव्हती आणि दोघांच्या घरात दोन आमट्या कोण करत बसणार. लोणच्याची बरणी फळीवरून हलली नाही. सकाळी फिरायला जायचं तर भाकरी कुणी थापायच्या, म्हणून तेही राहिलं. उरला राग. तेवढं एक पथ्य मात्र अमृतप्पानं तिच्याकडून अगदी कडक पाळून घेतलं. बाईच्या तब्येतीची काळजी पुरुषाला कुठून सुरू होते, हे अशा वेळी कळतं.

निलम्माचा राग भालकीजवळच्या मेहकर गावात नाव असलेला होता. रेशनवाला तिला बघितलं की काटा नीट धरायचा. शाळेच्या खिचडीत किडे निघाले तेव्हा ती पातेलं उचलून थेट मुख्याध्यापकाच्या टेबलावर ठेवून आली होती. पण त्या दिवशी भालकीत बीपीचा वरचा आकडा दोनशेच्या पुढं गेला, आणि डॉक्टर म्हणाला, मेंदूतली नस फुटली तर अर्धं अंग जाईल. निलम्मा भ्याली. मरायला ती भीत नव्हती, पण कुणीतरी आपलं तोंड पुसायचं, कूस बदलायची, हे तिला नको होतं. ती गोळी न चुकता घेऊ लागली, आणि राग गिळू लागली.

अमृतप्पाचं रस्त्यावर खत-बियाण्याचं दुकान. त्यानं भालकीहून बीपीची मशीन आणली. ती फडताळात असायची, पण तिचा उपयोग फडताळाबाहेर जास्त व्हायचा. निलम्मानं कशावर तोंड उघडलं की तो हसून विचारायचा, "मशीन आणू का?" चार माणसं बसलेली असली तर तीही हसायची. मग निलम्मा तोंड मिटायची, मधल्या खोलीत जायची आणि भिंतीला लावलेल्या तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवर हात टेकून उभी राहायची. श्वास खाली बसला की बाहेर यायची. चहा करायची.

आकडा उतरला. एकशेवीस-ऐंशी. डॉक्टरनं पुस्तकातलं बीपी म्हणून कौतुक केलं.

पहिल्यांदा तिला वेगळं जाणवलं ते पूजेत. रोज अंघोळ झाली की ती गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन बसायची. तळहातात नाडी असतेच, त्यामुळे लिंग अगदी बारीक हलायचं. विभूतीचा एखादा कण त्यावरून घसरायचा. इतक्या वर्षांत तिला त्याची सवय झाली होती. आता ते हलेना. दगडी कट्ट्यावर ठेवल्यासारखं स्थिर. तिनं अमृतप्पाला सांगितलं, तर तो म्हणाला की तुला आता सिद्धी मिळायलीय, मठात जाऊन बस.

मग फळीवरच्या घागरीतलं पाणी. दुपारी घरात सामसूम, पंखा बंद, आणि पाण्यावर गोल गोल वलयं. मधून कडेला जायची, विरायची, पुन्हा उठायची. कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरनं जमीन हादरत असेल, असं तिला वाटलं. पण उसाचा हंगाम तर कधीच संपला होता. घागर मधल्या खोलीच्या भिंतीला लागून होती. तिनं ती चुलीकडं सरकवली. पाणी थांबलं.

निलम्मा भोळी बाई नव्हती. अंगात आलं, वारं लागलं, असलं काही ती मानत नव्हती. ती मधल्या खोलीत गेली आणि पोत्यांवर हात ठेवला. आत धडधडत होतं. उंदीर असतील म्हणून तिनं काठीनं ठोकलं. खुडबुड नाही, पळापळ नाही. फक्त धडधड, एकसारखी. डॉक्टरकडच्या नर्सबाईनं तिला नाडी बघायला शिकवलं होतं. तिनं डावा हात पोत्यावर ठेवला आणि उजव्या हाताची बोटं त्याच मनगटावर दाबली. मनगट सावकाश चाललं होतं. पोतं पळत होतं.

ती चाल तिच्या ओळखीची होती. शाळेत पातेलं घेऊन चालत गेली त्या दिवशीची.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मशीन आली असती.

त्याच आठवड्यात भुवनेश्वरी आली. ही त्यांची एकुलती मुलगी, आळंद तालुक्यात खजुरीला दिलेली. एकटीच आली, दुपारच्या बसनं, हातात एक पिशवी. कानाखालून मानेपर्यंत काळंनिळं. बापाला तिनं गाडीवरून पडले म्हणून सांगितलं. आईनं न्हाणीत पाठ चोळायला घेतली तेव्हा मात्र ती नुसती वाकून बसली. पाठीवर जुनं वेगळं होतं, नवं वेगळं होतं. गाडीवरून माणूस इतक्या वेळा पडत नाही.

निलम्मानं एकच ठरवलं. पोरगी परत जाणार नाही.

रात्री जेवताना तिनं तसं म्हटलं. अमृतप्पानं भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं की जावयाशी आपलं फोनवर बोलणं झालंय, तो न्यायला यायलाय, पोरगी फार दिवस ठेवली तर लोक काय म्हणतील. निलम्माचा हात ताटावर थांबला. त्यानं फडताळाकडं नुसतं बघितलं. ती उठली, मधल्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा होता, आणि ताक पाहिजे का म्हणून तिनं गोड आवाजात विचारलं. भुवनेश्वरी आईकडं बघत राहिली.

जावई दोन दिवसांनी आला. प्रशांतकुमार. रस्त्याच्या ठेकेदाराकडं सुपरवायझर, पांढरा शर्ट, बोलणं मऊ. आल्या आल्या सासू-सासऱ्याच्या पाया पडला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून अमृतप्पानं मधल्या खोलीत चटई टाकली. प्रशांतकुमार पोत्यांना पाठ लावून आरामात बसला. निलम्मानं चहा दिला.

"मामी, तुमी मनाला लावून घिऊ नका," तो म्हणाला. "थोडा हात लागला आसंल. मुद्दाम कोण करतंय व्हय?"

"पाठीवर पट्ट्याचे वळ हायत," निलम्मा म्हणाली. "त्ये बी मुद्दाम न्हाईत का?"

"कामून बोलायलीस?" अमृतप्पा म्हणाला. मग जावयाकडं बघून हसला. "मशीन आणू का?"

प्रशांतकुमारही हसला. त्याला सासूच्या बीपीची गंमत माहीत होती.

निलम्मा हसली नाही, रागावलीही नाही. ती दोन पावलं पुढं गेली आणि थप्पीच्या कडेला उभी राहून वरच्या पोत्यावर हात ठेवला. नेहमीसारखा.

गोणपाट गरम होतं.

आतली धडधड अशी कधी चढली नव्हती. तळहात उडतोय की काय असं वाटत होतं. मनगट मात्र सावकाश. श्वास सावकाश. तिला खरंच खूप बरं वाटत होतं.

प्रशांतकुमार भुवनेश्वरीला म्हणाला, "चल, ब्याग..."

पुढचा शब्द आला नाही. त्यानं पुन्हा "ब्या" म्हटलं. पुन्हा "ब्या". हातातला ग्लास हळूहळू वाकडा झाला, चहा पांढऱ्या शर्टावरून मांडीवर गेला, आणि त्याला चटका बसलेला दिसला नाही. तोंडाची एक बाजू खाली उतरली होती. दुसरी बाजू अजून हसत होती.

तिच्या हाताखाली पोती गार पडली.

बीदरच्या डॉक्टरनं मेंदूत रक्तस्राव झाल्याचं सांगितलं. एवढ्या तरण्या वयात एवढं प्रेशर कसं, म्हणून त्यालाही नवल वाटलं. यांना राग फार येतो का, असं त्यानं विचारलं. भुवनेश्वरी म्हणाली, येतो. जावई जगला. उजवा हात आणि निम्मी वाचा तेवढी गेली. त्याच्या घरचे त्याला खजुरीला घेऊन गेले. घरी आल्यावर अमृतप्पानं बायकोच्या दंडाला पट्टा बांधला, आणि एवढं सगळं होऊनही आकडा जागचा हलला नाही म्हणून त्याला कौतुक वाटलं.

पुढं तूर विकली. हमालांनी थप्पी उचलली तेव्हा खालच्या पोत्यांतली तूर भाजल्यासारखी तपकिरी निघाली. ओल लागली असेल, म्हणाले. खोली रिकामी झाली. निलम्मानं भिंतीवरून हात फिरवून बघितला. भिंत म्हणजे भिंतच होती.

भुवनेश्वरी राहिली. अंगावरचं काळं पिवळं झालं, पिवळं गेलं. ती झोपायला लागली, खायला लागली. निलम्माला वाटलं, मिटलं.

आणि एका सकाळी पोरीनं रिकाम्या मधल्या खोलीत बॅग उघडी टाकली आणि कपडे भरायला लागली.

"कुठं?" निलम्मानं विचारलं.

"खजुरीला. सासूचा फोन आल्ता. एकटीला उचलवंना म्हणायल्या." भुवनेश्वरी घडी घालत बोलत होती. "आता काय भ्यायचं अव्वा? त्याचा हातच उठत न्हाई. मला बघून रडतोय म्हणं."

ज्या माणसानं पाठ फोडली त्याचं तोंड पुसायला ही निघाली होती. आपल्या पायांनी. निलम्माला वाटलं, आता ओरडावं, बॅग अंगणात फेकावी, दाराला कडी घालावी. ते सगळं तिच्या आत उठलं. छातीपर्यंत आलं. आणि सवयीनं तिचा हात बाजूला गेला, जिथं पोती असायची तिथं.

तिथं भुवनेश्वरी वाकून उभी होती. हात तिच्या पाठीवर पडला.

निलम्माला लगेच बरं वाटलं.

तिनं हात झटकन मागं घेतला. पण तळव्याला कळलं होतं. पातळ झंपराखाली काहीतरी दचकून पळायला लागलं होतं.

"लई उकडायलंय, न्हाई?" भुवनेश्वरी म्हणाली. कपाळ पुसलं. बाहेर जाऊन फडताळातली मशीन आणली. "ही नेऊ का गं? त्यांच्यात न्हाई. तुझं तर आता बरंच हाय." चालते का बघायला तिनं पट्टा आपल्याच दंडाला बांधला आणि बटण दाबलं.

मशीन घुमू लागली.

निलम्मानं तोंड उघडलं. जेवढा होता तेवढा जीव घशात आणला. राग यायला हवा होता, आत्ता, इथं, स्वतःच्या अंगात.

"काढ गं बाई तो," ती म्हणाली.

आवाज इतका मऊ निघाला की पोरीला हसू आलं.

"किती शांत झालीस गं अव्वा तू," भुवनेश्वरी म्हणाली.

पट्टा अजून फुगतच होता.